ज्येष्ठांना 'फेक न्यूज' समजवायला ४५ मिनिटं मिळाली आहेत. काय सांगाल?

ओटा_दांडियाबाजार
नमस्कार मंडळी,

बडोद्यातल्या आमच्या गल्लीच्या गणेशोत्सवात यंदा एक संध्याकाळ 'मोबाईलवरच्या खोट्या बातम्या' या विषयाला मिळाली आहे. ऑर्केस्ट्राचं बजेट बसलं नाही हे खरं कारण, पण ते असो. मी आयटीत आहे एवढ्याच भांडवलावर बोलायचं काम माझ्या गळ्यात पडलं आहे. वेळ ४५ मिनिटं, आरती लांबली की त्यातली दहा गेलीच. समोर निम्मे साठीच्या पुढचे आणि उरलेली नववी-दहावीची पोरं, तीही बक्षीस समारंभासाठी थांबलेली.

स्लाइड तयार आहेत: युनेस्कोने 'जन गण मन'ला जगात पहिला नंबर दिला (दिलेला नाही, युनेस्कोनेच नाकारलं आहे), २०१६ च्या दोन हजारांच्या नोटेतली चिप, आणि नासाने काढलेला दिवाळीच्या रात्रीचा भारत. हशा पक्का आहे. पण मला मनापासून विचारायचं आहे. असलं व्याख्यान ऐकून कुणाचं बोट 'फॉरवर्ड'वर जाता जाता थांबतं का? थांबत असेल तर नेमकं काय सांगितल्यावर?

'कायप्पा (व्हॉट्सअॅप) काढून टाका' असं कुणी सुचवू नये ही विनंती.

पुणेरी_नव्हे
कायप्पा काढून टाका.

इंदूरी_पोहे
आमच्याकडे राजवाड्याजवळच्या एका मंडळात असाच कार्यक्रम झाला होता. वक्ते उत्तम, टाळ्या कडकडून, नंतर पोहे-जलेबी. दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळाच्या ग्रुपवर त्याच वक्त्यांचा फोटो आणि खाली 'यांना युनेस्कोचा पुरस्कार मिळाला आहे'. कुणी मुद्दाम गंमत केली होती की मनापासून होतं, ते आजतागायत कळलेलं नाही.

वाकडा_प्रश्न
एक मिनिट. दिवाळीचा फोटो खोटा कसा? नासाच्या साइटवर आहे ना तो?

कोडवाला_समा
@वाकडा_प्रश्न, फोटो खरा आहे, त्याखालची ओळ खोटी आहे. तो एका रात्रीचा नाही. अमेरिकेच्या नोआ या संस्थेने उपग्रहांची बऱ्याच वर्षांची माहिती एकावर एक ठेवून तो बनवला. पांढरे दिवे १९९२ च्या आधीपासूनचे, निळे १९९२ मध्ये दिसू लागलेले, हिरवे १९९८ मधले, लाल २००३ मधले. शहरं कशी वाढली त्याचा नकाशा आहे तो. नासाने २०१२ मध्ये खऱ्या दिवाळीच्या रात्रीचं चित्र देऊन हे समजावलंही. खरी दिवाळी वरून जवळपास इतर रात्रींसारखीच दिसते. पणत्यांचा उजेड त्या मानाने नगण्य.

आणि बहुतेक 'खोटे' फोटो याच जातीचे असतात. चित्र खरं, जागा किंवा तारीख दुसरी. फोटोशॉप करायचे कष्ट कोण घेतो?

मास्तर_निवृत्त
ओटाराव, स्लाइड काढून टाका असं म्हणणार नाही, पण तिन्ही उदाहरणं अशी आहेत की लोक दुसऱ्याला हसतात. 'कसे हो लोक विश्वास ठेवतात!' असं म्हणत घरी जातात आणि घरी जाऊन आपल्या पसंतीची थाप पुढे ढकलतात. हसू येणारी थाप आणि पटणारी थाप यांत फरक आहे. तुम्ही पटणारी घ्या.

एक सुचवतो. रेशनच्या तांदळातला 'प्लास्टिकचा तांदूळ'. आमच्या शेजारच्या मावशी ताटात तांदूळ निवडायला बसतात, तेव्हा त्यांना काही दाणे वेगळे दिसतात. रंग किंचित निराळा, आकार जरा जास्तच नेटका, पाण्यात टाकले की काही वर तरंगतात. कायप्पावर व्हिडिओ आलेलाच असतो: 'बघा, प्लास्टिक!' आता त्या मावशींना मूर्ख कसं म्हणणार? त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आहे, हाताने चाचणीही केली आहे. त्यांना फक्त कुणी सांगितलेलं नाही की रेशनच्या तांदळात शंभरास एक या प्रमाणात पोषक दाणे मिसळतात. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक अॅसिड आणि बी-१२ घालून यंत्राने दाण्याच्या आकारात काढलेले. म्हणून दिसायला वेगळे आणि म्हणून काही तरंगणारे. मावशी ते दाणे वेचून फेकत होत्या. म्हणजे ज्यासाठी सगळा खटाटोप, नेमकं तेच कचऱ्यात.

हे उदाहरण घेऊन पाहा. एक पेला पाणी आणि मूठभर तांदूळ. प्रोजेक्टर नको.

सुलभाताई_मांजलपूर
मास्तर, हे मलाही माहीत नव्हतं! शिजवताना काही वेगळं करावं लागतं का?

मास्तर_निवृत्त
काही नाही. नेहमीसारखाच धुवा, नेहमीसारखाच शिजवा. फक्त निवडून फेकू नका.

सडेतोड
सगळे अज्ञानाचीच गोष्ट करताय. मला वाटतं मुळात रोगनिदानच चुकतंय. लोक खोटं पाठवतात ते कळत नाही म्हणून नव्हे, आवडतं म्हणून. आमच्या ग्रुपमधले एक निवृत्त बँक मॅनेजर, आयुष्यभर लोकांच्या सह्या भिंगातून तपासल्या त्यांनी. आणि आपल्या नावडत्या नेत्याविषयी काहीही आलं की मिनिटभरात पुढे. भिंग कुठे गेलं? मी एकदा विचारलं तर म्हणाले, 'खोटं असेल, पण असं तो करू शकतो की नाही?' यावर कसली साक्षरता शिकवणार?

पुणेरी_नव्हे
'खोटं असेल, पण असं तो करू शकतो की नाही?' हे वाक्य फ्रेम करून लावण्यासारखं आहे.

शोधचाळणी
@सडेतोड, तुमचा मुद्दा अर्धा खरा आहे आणि त्याचा अभ्यास आपल्याकडेच झाला आहे. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात बिहारमध्ये सुमित्रा बद्रीनाथन या राज्यशास्त्राच्या संशोधकांनी १,२२४ लोकांवर प्रयोग केला. काहींच्या घरी जाऊन तासभर बसून खोटी बातमी कशी ओळखायची, फोटोवरून त्याचं मूळ कसं शोधायचं हे शिकवलं. निवडणुकीनंतर पुन्हा तपासलं तर सरासरी काहीच फरक नाही. उलट एका पक्षाच्या समर्थकांना आपल्या बाजूच्या खोट्या बातम्या ओळखणं आधीपेक्षा कमी जमलं. तासभर, तोही घरी येऊन, एकेकाला. ओटादादांकडे तर ४५ मिनिटं आणि मांडवभर माणसं.

पण पुढचा भाग वाचा. नंतर बिहारमध्येच, बद्रीनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राज्य सरकारला सोबत घेऊन ५८३ गावांत साडेतेरा हजारांच्या आसपास विद्यार्थ्यांवर मोठा प्रयोग केला. तिथे एक व्याख्यान नव्हतं, काही आठवड्यांचे नियमित वर्ग होते. तेही गावच्या वाचनालयांत. मुलांना खरं-खोटं वेगळं करणं जमायला लागलं, उपचारांविषयीच्या भोंदू गोष्टींवर ती कमी विसंबायला लागली, चार महिन्यांनी पुन्हा पाहिलं तरी परिणाम टिकून होता. आणि गंमत म्हणजे घरी आईवडिलांमध्येही फरक दिसला, ज्यांना कुणी काही शिकवलेलंच नव्हतं.

त्यामुळे माझं उत्तर: एका व्याख्यानाचा उपयोग जवळपास शून्य. आठवड्याला एक तास, दोनतीन महिने, असं काही असेल तर होतो.

ओटा_दांडियाबाजार
मांडवात एवढंच सांगून खाली बसू का? 'याचा उपयोग शून्य आहे, धन्यवाद.'

इंदूरी_पोहे
टाळ्या सगळ्यात जास्त पडतील.

जांबूबेट
वाचनालय म्हणताच आपले महाराज आठवले. अवांतर होईल, पण सांगतोच. सयाजीरावांनी १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, त्याआधी १८९३ पासून अमरेलीत करून पाहिलं. पुढे त्यांच्या लक्षात आलं की शाळा सोडलेला माणूस काही वर्षांत अक्षरं विसरतो, कारण वाचायलाच काही नसतं. म्हणून १९१० मध्ये अमेरिकेहून बोर्डन नावाचा ग्रंथपाल आणला, गावोगाव वाचनालयं काढली आणि जिथे वाचनालय नाही तिथे पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या. पेटी यायची, वाचून व्हायची, पुढच्या गावाला जायची.

नुसतं शिकवून भागत नाही, शिकलेलं वापरायला रोज काहीतरी हातात लागतं, हे त्या माणसाला शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. शोधचाळणींनी सांगितलेला बिहारचा प्रकार त्याच वाटेचा आहे.

सडेतोड
महाराजांशिवाय बडोद्यातला एक तरी धागा पूर्ण होतो का?

जांबूबेट
नाही. पुढे?

आजी_ऑनलाईन
मी बहात्तर वर्षांची आहे, बडोद्याच्या वाडी भागात राहते. तुम्ही सगळे आमच्याविषयी बोलता आहात म्हणून लिहिते.

तुम्ही समजता आम्हाला खरं-खोटं कळत नाही. काही वेळा नाही कळत, कबूल. पण फॉरवर्ड का करतो ते कुणी विचारलंत का? मुलगा कॅनडात, सून कामावर, नातीला माझ्याशी बोलायला विषय नाही. सकाळी उठून तीसजणांना काहीतरी पाठवलं की वीसजण हात जोडतात. तेवढीच हजेरी लागते. 'हळदीने कर्करोग बरा होतो' असं पाठवणाऱ्या माझ्या मैत्रिणीला कर्करोगात रस नाही, तिला तुमची काळजी आहे हे सांगायचं असतं.

आणि तुम्ही काय करता? सगळ्या कुटुंबाच्या ग्रुपवर, जावयांसमोर, व्याह्यांसमोर लिहिता: 'आई, हे फेक आहे, प्लीज चेक करत जा.' वर लिंक, ती इंग्रजीत. त्यानंतर आई ग्रुपवर पाठवणं बंद करते आणि तिच्या भिशीच्या ग्रुपवर पाठवते. तिथे तुम्ही नसता.

वेगळं बोलवा, हळू सांगा. आणि त्या जागी पाठवायला दुसरं काही द्या. माझ्या नातीने मला जुने फोटो स्कॅन करायला शिकवलं. आता मी सकाळी १९६० सालातलं सुरसागर तळं पाठवते. वीसजण हात जोडायचे तिथे आता लोक फोन करतात.

मास्तर_निवृत्त
आजी, दंडवत. ओटाराव, व्याख्यान यांच्याकडे द्या.

सुलभाताई_मांजलपूर
वाचून आईला फोन लावला. +१.

शोधचाळणी
आजींच्या मुद्द्याला आकड्याची जोड: २०१६ च्या अमेरिकन निवडणुकीवरच्या एका अभ्यासात पासष्टीपुढच्या लोकांनी चेपुवर (फेसबुकवर) सगळ्यात तरुण गटाच्या जवळपास सातपट बनावट बातम्यांचे दुवे टाकले होते. पण त्याच अभ्यासात हेही आहे की बहुसंख्य लोकांनी, सगळ्या वयांत, एकही टाकला नव्हता. म्हणजे 'म्हातारे' हा प्रश्न नाही, थोडे लोक खूप पाठवतात हा प्रश्न आहे. तुमच्या ग्रुपमधले ते चारजण कोण, तुम्हाला माहीत आहेत.

सडेतोड
माहीत आहेत. एक अॅडमिन आहे.

जांबूबेट
ऑगस्ट २०२४ च्या पुराची गोष्ट सांगायलाच हवी. आपली विश्वामित्री नदी काळा घोडा पुलापाशी २६ फुटांना धोक्याची पातळी ओलांडते, त्या वेळी ३५ च्याही वर गेली होती. वीज नाही, तळमजल्यांत छातीएवढं पाणी, फोनची बॅटरी संपत आलेली. आणि अशात रात्री सोसायटीच्या ग्रुपवर: 'आजवा धरण फुटलं. दोन तासांत अख्खं शहर पाण्याखाली. सगळ्यांना कळवा.' आवाजी मेसेज, बाई रडते आहे. दुसऱ्या मजल्यावरचे काका जिन्यात उभे राहून ओरडायला लागले. एकजण आजारी आईला अंधारात गच्चीवर न्यायला निघाला.

आमच्या विंगमध्ये एक मुलगी आहे, बी.कॉम.ला. तिने ओरडणाऱ्यांना काही सांगितलं नाही, ग्रुपवर फक्त दोन प्रश्न टाकले. 'आजव्याची पातळी आता किती फूट आहे? काळा घोड्याची किती आहे?' आणि पालिकेने दिलेले आकडे चिकटवले. नदी उतरत होती. धरण फुटलं असतं तर नदी उतरेल कशी? बस, संपलं. जिना रिकामा झाला.

तिला फॅक्टचेक वगैरे काही शिकवलेलं नव्हतं. तिच्याकडे दोन गोष्टी होत्या: आकडा कुठे मिळतो ते तिला आधीच माहीत होतं, आणि तिने वाद न घालता प्रश्न विचारला. मला वाटतं, ओटा, तू लोकांना 'खोटं कसं ओळखायचं' हे सांगूच नकोस. पुराचा आकडा कुठे, वीज कधी येणार ते कुठे, शाळेला सुट्टी आहे का ते कुठे, हे सांग. वेळ आली की माणूस तिथे जाईल.

कोडवाला_समा
त्याच पुराचं दुसरं टोक. पाणी ओसरलं, लोक गाळ काढायला लागले, आणि 'आज सकाळचं, पुन्हा पूर' म्हणून व्हिडिओ आला. रस्त्यावर गळ्यापर्यंत पाणी, लोक बोटीत. आत्याने मला पाठवून विचारलं (विचारलं, पुढे ढकललं नाही, हे महत्त्वाचं). मी तिच्याजवळ बसून व्हिडिओ थांबवत थांबवत दाखवला. अर्ध्यात डाव्या बाजूला एका दुकानाची पाटी येते, अक्षरं गोल गोल, तेलुगू. पुढे एक मोटार, नंबर 'ए.पी.'ने सुरू. आपली 'जी.जे. ०६' कुठेच नाही. म्हणजे विजयवाड्याकडचं, तिकडे सप्टेंबरच्या सुरुवातीला मोठा पूर आला होता. मग स्क्रीनशॉट काढून गूगल लेन्सला दिला, तर तिकडच्या वाहिनीचा मूळ व्हिडिओ वरच.

आत्या आता कुठलाही व्हिडिओ आला की पहिल्यांदा दुकानांच्या पाट्या वाचते. परवा मला म्हणाली, 'अरे, या मोर्चात पाटी बांगला आहे आणि लिहिलंय सुरत.' एवढंच शिकवलं होतं, पाट्या आणि नंबरप्लेटा. बाकी तिने स्वतः वाढवलं.

वाकडा_प्रश्न
आणि मगर? त्या पुरात छपरावर बसलेल्या मगरीचा फोटो आला होता, तो तर नक्कीच एआय असणार.

जांबूबेट
खरा. अकोटा स्टेडियमच्या बाजूला.

पुणेरी_नव्हे
स्कूटरवरून मगर नेणारे दोघे?

जांबूबेट
तेही खरं. वनखात्याकडे सोपवायला चालले होते. माझ्या पुण्याच्या मेव्हण्याने 'फेक' असं ठणकावून लिहिलं, वर मला मीडिया साक्षरतेचा लेख पाठवला.

मास्तर_निवृत्त
हा विनोद नाही, हाच मोठा धोका आहे. सारखं 'खोटं ओळखा, खोटं ओळखा' शिकवलं की माणूस सगळ्यालाच खोटं म्हणायला शिकतो. खऱ्यालाही. मग ज्याचा खरा व्हिडिओ बाहेर आला तो पुढारीही 'एआय आहे' म्हणून मोकळा. ओटाराव, तुमच्या उदाहरणांत निम्मी खरी हवीत. आणि खरी अशी की खोटी वाटावीत. बडोद्यात त्यांना तोटा नाही.

सडेतोड
मला अजून एक सांगा. तपासायचं कुठे? पीआयबी (केंद्र सरकारचं पत्र सूचना कार्यालय) फॅक्ट चेक? म्हणजे सरकारविषयीची बातमी खरी की खोटी ते सरकारलाच विचारायचं?

शोधचाळणी
दोन गोष्टी वेगळ्या करा. पीआयबीचा कक्ष २०१९ पासून आहे, तो फक्त केंद्र सरकारच्या योजना-निर्णयांपुरतं बोलतो. 'सगळ्या मुलींना सरकार स्कूटी देतंय, इथे फॉर्म भरा' यासाठी उत्तम. दुसरी गोष्ट २०२३ च्या आयटी नियमांतल्या दुरुस्तीची, ज्यात सरकारी कक्षाने 'खोटं' म्हटलं की समाजमाध्यमांवर ते काढायचा दबाव येणार होता. त्यावर मुंबई उच्च न्यायालयात आधी दोन न्यायमूर्तींचं मत विभागलं, मग सप्टेंबर २०२४ मध्ये तिसऱ्या न्यायमूर्तींच्या निकालाने ती तरतूद रद्द झाली. पहिला कक्ष चालूच आहे.

बाकी ऑल्ट न्यूज (अहमदाबादचं, २०१७ पासून), बूम वगैरे आहेत. कुणा एकावर श्रद्धा ठेवायची गरज नाही. स्टॅनफर्डच्या वाइनबर्ग आणि मॅकग्रू यांनी इतिहासाचे प्राध्यापक, विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्यतपासनीस यांना एकाच वेबसाइटी दाखवल्या. प्राध्यापक साइट वरपासून खालपर्यंत वाचत बसले, लोगो बघितला, संदर्भ बघितले, आणि कित्येक जण फसले. तपासनीस मात्र काही सेकंदांत साइट सोडून बाहेर पडले, नव्या टॅबमध्ये तिचं नाव टाकून 'हे लोक कोण' ते बघितलं. एक उदाहरण बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटनांचं होतं. एक १९३० सालची मोठी, दुसरी २००२ मध्ये तिच्यातून फुटून निघालेली लहानशी, नावं जवळपास सारखी. साइटीवर बसून फरक कळत नाही, बाहेर पडलं की लगेच कळतो.

सुलभाताई_मांजलपूर
स्थळं बघताना आपण हेच करतो की. मुलाच्या घरच्यांनी दिलेला बायोडेटा किती वेळा वाचला तरी काय कळणार? त्यांच्या गल्लीत विचारायचं.

शोधचाळणी
ताई, हे मांडवात बोला. माझा परिच्छेद रद्द.

मास्तर_निवृत्त
एक गंभीर गोष्ट. हशात राहून जाऊ नये म्हणून. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. भिक्षुकीसाठी आलेल्या भटक्या डवरी गोसावी समाजाच्या पाचजणांना मुलं पळवणारे समजून आठवडे बाजाराच्या दिवशी मारून टाकलं. त्या वर्षी देशभर तशा अफवा होत्या, अहमदाबादेतही एका भिक्षेकरी बाईचा जीव गेला. तेव्हा फिरणारा एक व्हिडिओ, मोटारसायकलवरून पोराला उचलून नेतात तो, मुळात कराचीतल्या मुलांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्यांची जाहिरात होती. शेवटी मोटारसायकलवाले मूल परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. कुणीतरी तो शेवट कापला. तेवढंच केलं.

त्यानंतर कायप्पाने आपल्याकडे एका वेळी पाचच ठिकाणी पाठवायची मर्यादा आणली, २०१९ मध्ये जगभर, आणि २०२० पासून फार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी. अशा मेसेजवर दुहेरी बाण दिसतो ना, तोच. मांडवात तो बाण मोठा करून दाखवा. बहुतेकांनी तो पाहिलेला असतो, अर्थ ठाऊक नसतो.

आजी_ऑनलाईन
मला वाटायचं दुहेरी बाण म्हणजे महत्त्वाचा मेसेज.

कोडवाला_समा
आजी, अर्ध्या भारताला तसंच वाटतं.

सुलभाताई_मांजलपूर
खंडेराव मार्केटात दहाचं नाणं अजून चालत नाही, त्याचं काय करायचं? रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये सांगितलंय की चौदाच्या चौदा डिझाइनं चालतात, १४४४० वर फोन केला तर ऐकवतातसुद्धा. मी भाजीवाल्याला ऐकवलं. तो म्हणाला, 'खबर छे बेन, पण आगळ कोई लेतुं नथी.'

सडेतोड
हे सगळ्यात भारी उदाहरण आहे, आणि शोधचाळणींच्या सगळ्या अभ्यासांवर पाणी ओततं. भाजीवाल्याला नाणं खरं आहे हे ठाऊक आहे. पुढचा घेणार नाही हेही ठाऊक आहे. तो चुकत नाहीये! एकेकाला शिकवून काय होणार? बाजाराने एकदम घ्यायला लागायला हवं.

शोधचाळणी
पाणी नाही ओतत. उलट म्हणूनच एकेकाला घरी गाठून शिकवण्यापेक्षा अख्ख्या वर्गाला एकत्र शिकवलेलं टिकलं असावं, असा माझा तर्क आहे. शेजारच्यालाही हे माहीत आहे, हे माहीत असावं लागतं. ग्रुपवरही तेच होतं. वीसजणांना कळलेलं असतं की खोटं आहे, वीसही गप्प, कारण काका दुखावतील. पहिल्याने 'कुठून आलं?' एवढं विचारलं की दुसरा विचारतो.

सडेतोड
बरं. या एका मुद्द्यावर तुमची बाजू थोडी पटली. थोडी.

पुणेरी_नव्हे
स्क्रीनशॉट काढून ठेवतोय.

इंदूरी_पोहे
पोलिसांच्या वेशातला व्हिडिओ कॉल घ्याच, ओटा. 'डिजिटल अरेस्ट'. आमच्या ओळखीतल्या एका निवृत्त बाईंना दिवसभर कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवलं होतं, बाथरूमलासुद्धा विचारून. शेजारी भाजी द्यायला गेल्या म्हणून सुटल्या. असा कुठला प्रकार कायद्यात नाहीच, फोन ठेवायचा आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० लावायचा. अफवेने लाज जाते, याने आयुष्याची पुंजी जाते.

ओटा_दांडियाबाजार
सगळ्यांचे आभार. सगळं वाचून मंडळाच्या अध्यक्षांना भेटून आलो. बदल असे:

स्लाइड गेल्या. युनेस्को आणि चिप गेली. दिवाळीचा फोटो ठेवतोय, पण कोडवालांनी सांगितलेल्या रंगांसकट.

मांडवात एक पोर आणि एक ज्येष्ठ अशा जोड्या बसवणार, हातात ज्येष्ठांचाच फोन. आधी तांदूळ आणि पाण्याचा पेला. मग कोडवालांच्या आत्याचा व्हिडिओ, पाटी कोण आधी शोधतं त्याला बक्षीस (पोरं थांबण्याची सोय). मग दुहेरी बाण. १९३० आणि नदीची पातळी कुठे कळते ते एका कार्डावर मोठ्या अक्षरांत, फोनच्या कव्हरमागे मावेल असं. आजी वाडीतून रिक्षाने यायला तयार असतील तर शेवटची दहा मिनिटं त्यांची.

आणि खरी गोष्ट त्यानंतर. गणपती गेल्यावर दर रविवारी सकाळी तासभर, दिवाळीपर्यंत, आमच्याच ओट्यावर. त्या आठवड्यात ज्याला जे आलं ते घेऊन यायचं. अध्यक्ष म्हणाले, 'चहाचं मंडळ बघेल.' लोक किती येतील देव जाणे.

आजी_ऑनलाईन
येते. रिक्षा नको, माझी नात स्कूटीवर सोडेल. मगर नाही घेणार वाटेत.

मास्तर_निवृत्त
खरं-खोटं ओळखायचा खेळ घेणार असाल तर मी प्रश्न काढून देतो. नमुना: एक, बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात पुस्तकांच्या मजल्यांची जमीन काचेची आहे. दोन, पाच रुपयांची जाड नाणी सरकारने बंद केली आहेत.

वाकडा_प्रश्न
दोन्ही खोटी. काचेवर एवढ्या पुस्तकांचं वजन कोण ठेवेल?

जांबूबेट
वाकडेराव, मांडवीजवळच आहे. चपला काढा, वर चढा आणि खाली बघा.